पावसातलं कोकण आणि तुम्ही दोघं : अनुभव लिहा

श्रावणसर

आज सकाळी चांदणी चौकात मुळशीकडे वळणारं एक जोडपं दिसलं. स्कूटर, दोघांना पिवळे रेनकोट, मागे निळ्या प्लास्टिकात गुंडाळून दोरीने आवळलेली बॅग. तिच्या हातात हिरवा चुडा. ताम्हिणी उतरून कोकणातच निघाले असणार. माझी बस पुढे गेली, पण तेव्हापासून डोक्यात वेळणेश्वर घोळतंय.

आमचं लग्न मे अखेरीचं. सासूबाई म्हणाल्या, आषाढ लागायच्या आत कुलदैवताला जाऊन या, मग तुला माहेरी जायचंच आहे. तेव्हा आमच्या वाड्यात नव्या जोडप्याला एकटं फिरायला जायचं तर कुलदैवत हेच कारण चालायचं. स्वारगेटहून गुहागर गाडी. उंब्रजला वळलो तोवर चक्क ऊन होतं. पाटण सोडलं तसं आभाळ खाली आलं, आणि हेळवाकच्या पुढे काचेबाहेर काही दिसेनासंच झालं. कुंभार्ली घाटात कंडक्टर तिकिटांची पेटी सीटवर ठेवून ड्रायव्हरशेजारी जाऊन उभा राहिला आणि वळण आलं की सांगायला लागला.

माझ्या खिडकीची काच अर्धीच सरकायची. फटीतून येणारं पाणी खालच्या पत्र्याच्या खाचेत साठायचं, आणि गाडी वळली की सगळं माझ्या मांडीवर. यांनी खिशातला रुमाल काढून त्या खाचेत दाबला. तो भिजला की बाहेर हात काढून पिळायचा, परत दाबायचा. चिपळूण येईपर्यंत हेच चाललं होतं. लग्न ठरल्यापासून आम्ही एकमेकांशी जेमतेम बोललो होतो. पहिला विषय निघाला तो पावसाचाच. हे शाळेत भूगोल शिकवायचे. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर चढतात, चढता चढता गार होतात आणि कोकणाच्या बाजूलाच रिकामे होतात, म्हणून आपल्या पुण्याला वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर, खाली कोकणात तीन हजारांच्या घरात आणि घाटमाथ्यावर त्याच्याही वर, हे सगळं मला त्या सीटवर कळलं. शाळेत मी भूगोल पाठ केला होता, पण तो असा अंगावर पडला नव्हता.

वेळणेश्वराचं देऊळ किनाऱ्यालाच लागून आहे. अभिषेकाच्या वेळी गुरुजींचे मंत्र आणि बाहेरच्या लाटा, दोन्ही एकदम कानावर येत होतं. गुरुजींकडेच उतरलो होतो. माझी ओली साडी काही केल्या वाळेना, तेव्हा त्यांच्या आईंनी ती चुलीवरच्या दांडीवर टाकली. पुढे कितीतरी धुण्यांनंतरही तिला धुराचा वास होता. तो जाऊ नये असं मला मनापासून वाटायचं.

तर लिहा. हॉटेलांचे दर नि किलोमीटर बाजूला राहू देत. पावसात, डोंगरात, समुद्राकाठी तुम्ही दोघं होतात आणि काय झालं, ते लिहा.

भोरचा_पाहुणा

वरंधा घाट!! भोरवरून नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने. बायको मागे, तिच्या पाठीवर सॅक, सॅकवर कचऱ्याची काळी पिशवी चढवलेली. वाघजाईच्या देवळापाशी थांबलो, भजीवाल्याने कढईवर धरायला पत्रा आडवा लावला होता, आणि समोरच्या कड्यावरून किती धबधबे पडत होते ते मोजता येत नव्हतं. एक भजी तोंडात, एक ढग तोंडात असा प्रकार. तिथून खाली शिवथरघळ. समर्थांनी दासबोध सांगितला म्हणतात ती जागा. घळीच्या तोंडावरूनच धबधबा पडतो, आतल्या गारव्यात बसलं की बाहेरचं जग पाण्याच्या पडद्यापलीकडे. बायको तिथे बराच वेळ डोळे मिटून बसली होती. काय मागितलंस विचारलं तर अजून सांगत नाही.

आणि हो, वरंधा पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात, निघण्याआधी विचारून घ्या.

मुग्धा_सिंहगडरोड

श्रावणसर, रुमाल पिळणारा नवरा 😍 काकांना नमस्कार सांगा.

श्रावणसर

मुग्धा, सांगितला. म्हणतायत रुमाल लग्नात आहेर आलेला होता, नवाकोरा.

पटवर्धनबाग

नमस्कार. माझे वय ७७, सौ.चे ७१. आम्ही दरवर्षी आषाढात एसटीने कोकणात जातो. पूर्वी महामंडळाचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास काढत असू, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. आता पंचाहत्तरीनंतर मला प्रवास फुकट आणि महिला म्हणून सौ.ला अर्धे तिकीट, त्यामुळे पासाची गरज उरली नाही. एसटीवर आमचा जीव आहे. स्वतःच्या गाडीत आपण रस्ता बघतो, एसटीत मुलूख बघतो.

रत्नागिरीस मुक्काम करून राजापूरला गेलो. तेथून जवळच धूतपापेश्वराचे देऊळ आहे. देवळाला लागूनच धबधबा. पावसाळ्यात त्याचा आवाज असा की शेजारी उभ्या माणसाचे बोलणे कळत नाही. सौ.ला गेली काही वर्षे कमी ऐकू येते. चार माणसांत ती हल्ली गप्पच असते, कारण प्रत्येकाला ‘काय?’ असे विचारणे तिला नको वाटते. धबधब्यापाशी गेलो तर तेथे सगळेच एकमेकांना ‘काय?’ म्हणत होते आणि हातवारे करून बोलत होते. एक तरुण मुलगी सौ.ला खुणेने विचारत होती, फोटो काढता का आमचा. सौ.ने काढला, मग त्या मुलीला खुणेने पदर नीट घे म्हणाली, हसली. मी तिला इतके मोकळे हसताना पुष्कळ दिवसांनी पाहिले. नंतर एसटीत म्हणाली, तिथे सगळी माझ्यासारखीच होती.

रत्नागिरीस थिबा राजवाडा अवश्य पाहावा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली राज्यावरून काढले आणि पुढे रत्नागिरीस आणून ठेवले. राजवाडा १९१० साली बांधून झाला, १९१६ साली राजा गेला. राणी सुपयालत नंतर रंगूनला परतली. सौ. आणि मी त्या गच्चीवरून भाट्याची खाडी पाहत उभे होतो तेव्हा सौ. म्हणाली, एवढे पावसाळे त्या बाईने कुणाशी बोलत काढले असतील. भाषासुद्धा परकी. मला हे कधी सुचले नव्हते.

मुग्धा_सिंहगडरोड

काका 🙏 काकूंचं वाक्य वाचून भाजी करपली माझी. खरंच.

कोकमसरबत

पटवर्धनबाग काका, पुणे-रत्नागिरी कुठल्या घाटाने जाते आता? कोल्हापूरवरून आंबा की कुंभार्ली?

पटवर्धनबाग

आम्ही कोल्हापूरमार्गे आंबा घाटाने गेलो. साखरप्याला चहा चांगला मिळाला.

कुडाळची_लेक

मी कुडाळची, दिलेय बारामतीत, राहतो धनकवडीत. लग्नानंतरच्या पहिल्या पावसात नवऱ्याला माहेरी घेऊन गेले. याला वाटलं समुद्र, तारकर्ली, सिंधुदुर्ग किल्ला. अहो पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, आणि आमच्याकडे तेव्हा लावणी. घरात जो उभा आहे तो शेतात. आई म्हणाली, “जावयानु, चिखलात उतरू नकात.” हा ऐकतोय? पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरला.

याच्या घरी ऊस. उसाची लागण याला तोंडपाठ, पण भाताची रोपं मुळासकट उपटायची, मुठी बांधायच्या, त्या चिखल केलेल्या कोपऱ्यात फेकायच्या आणि मग वाकून लावत मागे मागे सरकायचं, हे त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. पहिल्या ओळीला त्याची रोपं पाण्यावर तरंगायला लागली. आमची शेजारची काकी, पाठ वाकलेली, डोक्यावर इरलं, तिने त्याचा अंगठा धरून दाखवलं कसा दाबायचा. वरून पाऊस धो धो. दुपारी बांधावर पेज आली, बरोबर सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा. हा तसाच चिखलाच्या हाताने बसला, हात फक्त पागोळीखाली धरावा तसा आकाशाखाली धरला आणि जेवला.

बाबा तेव्हा याच्याशी फारसं बोलत नसत. लांबचा, वेगळ्या मुलखातला जावई. त्या संध्याकाळी पडवीत बसून बाबांनी याला विचारलं, तुमच्याकडे ऊस तुटायला किती महिने लागतात? तिथून जे सुरू झालं ते जेवणाची पानं मांडली तरी थांबेना. दोघं शेतकरी निघाले, संपला विषय. आता बाबा फोन करतात तेव्हा मला “बरी आसस मां” एवढंच विचारतात आणि फोन याच्याकडे द्यायला लावतात.

समुद्र शेवटी पाहिला. निवतीला. चिखलाने नखं काळी झालेली तशीच.

घाटमाथा_२

“संपला विषय” 👌👌

खवय्या_नारायणपेठ

सुक्या बांगड्यावर एक सांगतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, मासे अंडी घालायच्या दिवसांत असतात म्हणून. त्यामुळे त्या दिवसांत किनाऱ्यावर जाऊन ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका. खाडीतलं, ओढ्यातलं, सुकं, हेच खरं पावसाळी जेवण. आणि पहिल्या पावसातल्या कुरल्या! आमच्या सासूबाई (गुहागर) कुरल्यांच्या नांग्या पाट्यावर ठेचून त्याचं पाणी गाळून घेतात, भाजलेल्या कांदाखोबऱ्याच्या वाटणात ते घालतात, वरून आगळ. त्याबरोबर तांदळाची भाकरी. बायको माहेरी गेली की मीही जातो, तिला वाटतं तिच्या ओढीने जातो. दोन्ही ओढी खऱ्या आहेत.

कोकमसरबत

शाकाहारींनी काय करायचं मग 😭

कुडाळची_लेक

टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, अळू. पावसाळ्यात कोकणात परसात जे उगवतं तेच ताटात येतं. टाकळा कोवळाच हवा, फणसाच्या आठळ्या घालून कर. आठळ्या मेमध्येच माती लावून ठेवतात पावसाळ्यासाठी.

खिडकीतली_सीट

आम्ही रेल्वेवाले. पनवेलहून बसतो. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, लोक त्यावर चिडतात. आम्ही दोघं मुद्दाम तेव्हाच जातो. दरवाजापाशी कुणी उभं राहू नका, खिडकी पुरे. बोगद्यात शिरताना हिरवं, मग काळं, मग परत हिरवं. उक्षीच्या पुढे करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, त्यात बायको दरवेळी माझा हात धरते आणि उजेड आला की सोडते. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी.

एकदा रत्नागिरीच्या अलीकडे गाडी उभी राहिली. संध्याकाळ, पाऊस असा की समोरचा डोंगर पुसलेला. एक ट्रॅकमन रुळाच्या कडेने चालत गेला. रेनकोट, डोक्यावर टोपी, हातात दिवा, खांद्यावर पिशवी. रात्रंदिवस असे लोक रूळ तपासत चालतात, कुठे दरड आली का, माती सरकली का. आमच्या खिडकीखालून जाताना त्याने मान वर करून पाहिलं. बायकोने डब्यातल्या दोन पोळ्या नि चटणी कागदात गुंडाळून खिडकीच्या गजांतून खाली दिली. त्याने घेतली, कपाळाला लावली आणि पुढे गेला. गाडी सुटल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्याच्या घरी कोण असेल वाट बघत.

मृगाचा_किडा

मधेच विचारते, सॉरी. ताम्हिणी चालू आहे का या शनिवारी? आमचं लग्न एप्रिलमध्ये झालंय, पहिल्यांदाच दोघं जातोय, दिवेआगर-हरिहरेश्वर. नवऱ्याला घाटात गाडी चालवायची सवय नाही आणि घरच्यांनी घाबरवून सोडलंय.

घाटमाथा_२

निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा बघा. पुणे घाट विभागाला रेड अलर्ट असेल तर सरळ पुढे ढकला. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला होता. पुण्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत मिळून पडतो त्याच्या अर्ध्याहून कितीतरी जास्त, एका दिवसात. ऑरेंज-यलो असेल तर सकाळी लवकर निघा, धुकं असेल तर पार्किंगचे नव्हे तर साधे खालचे दिवे लावा, वळणावर हॉर्न, आणि धबधब्यापाशी रस्त्यात गाडी उभी करणाऱ्यांच्या मागे थांबू नका. माणगावला उतरलात की जिंकलात. नवऱ्याला सांगा, हळू चालवणारा माणूस घाटात सगळ्यात चांगला ड्रायव्हर असतो.

भोरचा_पाहुणा

आणि हरिहरेश्वरला देवळामागून खाली उतरून समुद्राकाठची प्रदक्षिणा असते, ती भरती आणि पाऊस असेल तेव्हा अजिबात करू नका. पायऱ्यांवरून बघा. तेवढंही डोळे भरून आहे.

मुग्धा_सिंहगडरोड

वाहत्या पाण्यात उतरू नका, हे माझंही सांगणं. २०२४ मध्ये भुशी धरणाच्या मागे पुण्याचंच कुटुंब वाहून गेलं. पाणी वर कुठेतरी वाढतं आणि खाली आपल्याला कळत नाही.

नीरा

कालपासून धागा वाचतेय. लिहू की नको चाललं होतं.

आम्ही दोघं दर जुलैत आंबोलीला जायचो. माझे मिस्टर बँकेत होते, पण जीव बेडकांत. लोक कावळेसादला दरीतून उलटं वर येणारं पाणी बघायला जातात, नांगरतासला जातात, हिरण्यकेशीच्या उगमाला जातात. आम्हीही गेलो सगळीकडे. पण यांचा खरा दिवस रात्री साडेआठनंतर सुरू व्हायचा. जेवण झालं की टॉर्च, गमबूट, आणि जळवांसाठी तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळवलेले मोजे. माझे मोजेसुद्धा हेच तयार करायचे.

आंबोली टोड नावाचा एक बेडूक आहे, अंगठ्याच्या पेराएवढा, अंगावर वाघासारखे पट्टे. तो फक्त त्या परिसरातच सापडतो. जांभ्याच्या कातळावर तळहाताएवढी पाण्याची डबकी साठतात, त्यात तो अंडी घालतो. हे त्या डबक्यासमोर पोटावर झोपायचे. खरंच पोटावर, पावसात. मी छत्री धरायची, यांच्यावर नाही, कॅमेऱ्यावर. “नीरा, थोडी डावीकडे.” “नीरा, श्वास नको सोडूस, काचेवर येतोय.” मी श्वास धरून उभी. झाडाच्या पानावर लटकलेला फेसाचा गोळा यांनीच मला पहिल्यांदा दाखवला. उडत्या बेडकाचं घरटं. खाली पाणी असलेल्या जागी वरच्या पानावर मादी फेस करून त्यात अंडी घालते, पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती थेंबाबरोबर खाली पाण्यात पडतात. आम्ही एकदा ते पडताना पाहिलं. टप. टप. हे कॅमेरा विसरले आणि माझ्याकडे बघायला लागले, मी पाहिलं की नाही याची खात्री करायला.

आम्हाला मूल नव्हतं. नातेवाईक बरंच काही बोलायचे. आंबोलीत ते कधी आठवलं नाही.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत हे गेले. त्या जुलैत मी गेले नाही, पुढच्याही नाही. मग भाची म्हणाली, मावशी, मी येते, मला दाखव. गेलो. डबकं मलाच आधी दिसलं. तिला म्हणाले, श्वास नको सोडूस, काचेवर येतो. आता ती तिच्या नवऱ्याला घेऊन जाते, आणि मीही असते बरोबर, टॉर्च धरायला.

श्रावणसर

नीराताई, बरं झालं लिहिलंत. हे वाचून दाखवलं यांना. गप्प बसलेत.

कुडाळची_लेक

ताई गे, पुढच्या टायमाक आंबोलीक इलास तर खाली कुडाळाक ये. घावणे करून घालतंय.

खिडकीतली_सीट

नीराताई 🙏

नीरा

येईन गं. नक्की येईन.

वाशिष्ठी_काठ

मी चिपळूणचा. धागा पुण्याचा आहे, पण मुलगी कोथरूडला असते, तिने लिंक पाठवली म्हणाली बाबा लिहा.

२२ जुलै २०२१. पहाटे पाणी आलं तेव्हा आम्ही दोघंच घरात होतो. आमच्या बाजारपेठेत पाणी दरवर्षीच थोडंफार येतं, त्यामुळे आधी कुणी घाबरलं नाही. मग ते थांबेचना. वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो. मी कागदपत्रं शोधत होतो. हिने काय घेतलं? पिठाचा डबा, काडेपेटी, मेणबत्त्या, आणि देवातला बाळकृष्ण पदरात. त्या पिठाच्या जोरावर त्या मजल्यावर अडकलेली सगळी माणसं जेवली. माझे कागद कुणाच्या कामाला आले नाहीत. दिवसभर दुकानाच्या पाट्या, सिलिंडर, गाद्या डोळ्यांसमोरून वाहत होत्या आणि ही भाकऱ्या भाजत होती. रडली ती पाणी उतरल्यावर, घरातला चिखल बघून. तेव्हा पुण्यातून, कुठून कुठून, मुलं फावडी-झाडू घेऊन आली होती. कुणाची नावं विचारायलाही सुचलं नाही. या धाग्यावर त्यांतलं कुणी असेल तर आमच्या घरातून तुम्हाला आशीर्वाद आहे.

आता पाऊस रात्री वाढला की ही उठून बसते. गॅलरीतून नदीचा अंदाज घेते. आणि तरीही दर श्रावणात एका सकाळी मला म्हणते, चला सवतसड्याला. परशुराम घाटाजवळ तो धबधबा आहे, आम्ही लग्न झाल्यापासून जातो. छत्री मिटवून उभी राहते. त्याच पाण्याला ती भिते आणि त्याच पाण्याला भेटायला जाते. मी काही विचारत नाही. बरोबर जातो.

तुम्ही मंडळी या पावसात. आमच्या खानावळी, रिक्षा, दुकानं तुमच्यावरही चालतात.

पटवर्धनबाग

वाशिष्ठी_काठ, आपल्या सौभाग्यवतींना आम्हा उभयतांचा नमस्कार. येत्या आषाढात चिपळूणला उतरू.

भोरचा_पाहुणा

फावडं घेऊन आलेल्यांत माझा भाऊ होता. त्याला वाचायला पाठवलं.

वाशिष्ठी_काठ

त्याला घेऊन या हो. जेवायलाच या.

सडा_आणि_सडाफुली

आमचं थोडक्यात, मीटिंगच्या मधे लिहितेय. मी आणि नवरा, दोघं हिंजवडीत. जून अखेर रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर गेलो, कातळशिल्पं बघायला. उक्षीचा हत्ती, कशेळीचा तर प्रचंड हत्ती, त्याच्या पोटात मासे, प्राणी काय काय कोरलेलं. उन्हाळ्यात फोटो पाहिले होते, रेषा पुसट. पावसात रेषांमध्ये पाणी भरतं आणि सगळं चित्र एकदम चकाकायला लागतं. नवरा म्हणाला, ज्याने कोरलं त्याला हे माहीत असणार. आम्ही दोघं भर पावसात यावर भांडत उभे, माहीत असणार की नाही. अजून मिटलेलं नाही. जुलै चढला की गवत वाढतं, आधी जा. कातळावर बूट घालून शिल्पात चालू नका प्लीज.

ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच सड्यांवर फुलं येतात, सीतेची आसवं, गेंद, तेरडा. पुन्हा जाणार आहोत.

घाटमाथा_२

ज्याने कोरलं त्याला माहीत असणार. नवऱ्याला एक मत.

नीरा

माझंही नवऱ्यालाच. आणि त्या सड्यांवरच्या डबक्यांत वाकून बघा.

मृगाचा_किडा

शनिवारी यलो होता. गेलो!! आत्ता दिवेआगरला आहोत, सुपारीच्या बागेतलं घर. नवऱ्याने पूर्ण घाट हळू चालवला, मागचे हॉर्न मारत होते तरी. घाटमाथा_२ यांचं वाक्य मी त्याला तीनदा वाचून दाखवलं. कपडे एकही वाळत नाहीयेत, घरातल्या काकूंनी बुटात वर्तमानपत्राचे बोळे घालायला दिले. बाहेर सुपाऱ्या नुसत्या डोलतायत. आत्ता रूममध्ये लाइट नाही, काकू कंदील लावून पातोळ्या करतायत आणि नवरा हळदीच्या पानावर पीठ थापायला बसलाय. त्याला घरी गॅस पेटवता येत नाही!

श्रावणसर

शाबास! थापू दे, उठवू नकोस.

कोकमसरबत

पातोळ्यांची हळदीची पानं पुण्यात कुठे मिळतात?

मुग्धा_सिंहगडरोड

मंडईत बघ, नागपंचमीच्या आसपास. सकाळी लवकर जा.

खवय्या_नारायणपेठ

सारणात जायफळ नको, वेलची घाला. पानाचाच वास पुरतो. आणि वाफ आली की लगेच पान सोडवू नका, जरा निवू द्या, नाहीतर पीठ पानाला चिकटून येतं.